विश्लेषण : एक कमांड चुकली आणि अभियंतेच नेटवर्कबाहेर! फेसबुक, रॉजर्स, ऑप्टस ठप्प होण्यामागे कोणते समान कारण?

नेटवर्कची एखादी सेटिंग बदलायची, एंटर दाबायचे आणि पुढच्याच क्षणी त्या संगणकाशी असलेला संपर्क तुटायचा. चूक दुरुस्त करायची तर आत शिरायला हवे आणि आत शिरण्याचा रस्ता तर त्याच चुकीने बंद केलेला. छोट्या कार्यालयातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मात्र २०२१मध्ये फेसबुक, २०२२मध्ये कॅनडातील रॉजर्स आणि २०२३मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या बड्या कंपन्यांवरही हीच वेळ आली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तर अनेकांना आपत्कालीन क्रमांकही लागला नाही. हे बिघाड इतके लांबले कशामुळे, त्यातून काय शिकण्यासारखे आहे आणि भारतातील ग्राहकांचा त्याच्याशी काय संबंध, याचे हे विश्लेषण.

मूळ अडचण काय?

घरातील संगणकाचे इंटरनेट बंद पडले तरी त्याचा कीबोर्ड आणि पडदा समोर असतो. सेटिंग चुकली, तर ती तिथल्या तिथे बदलता येते. सर्व्हर आणि राउटरचे तसे नसते. ते डेटा सेंटरमध्ये रांगेने लावलेले असतात, बहुतेकांना पडदाही जोडलेला नसतो आणि त्यांचे काम पाहणारी व्यक्ती दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात बसलेली असते. तिचा त्या यंत्राशी संबंध फक्त नेटवर्कमधून येतो.

अशा वेळी फायरवॉलचा एखादा नियम चुकला, आयपी पत्त्यातील एक आकडा इकडचा तिकडे झाला किंवा चुकीचे नेटवर्क कार्ड बंद केले गेले, तर यंत्र चालूच राहते. त्याच्यापर्यंत पोहोचणे मात्र अशक्य होते. घराला लॅचचे कुलूप असावे, दार वाऱ्याने लागावे आणि किल्ली आतच राहावी, असा हा प्रकार. घर शाबूत आहे, किल्लीही हरवलेली नाही. पण आत जाता येत नाही.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी काय घडले?

त्या सोमवारी भारतीय वेळेनुसार रात्री नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि मेसेंजर एकाच वेळी बंद पडले. महाराष्ट्रात करोनामुळे बंद असलेल्या अनेक शाळा त्याच दिवशी पुन्हा भरल्या होत्या. पालकांचे गट, सोसायट्यांचे गट, दुकानदारांच्या ऑर्डरी असे बरेच काही ज्या ॲपवर चालत होते, ते सुमारे सहा तास मुके झाले. भारतात सेवा पूर्ववत होईपर्यंत मंगळवारची पहाट उजाडली. केंद्र सरकारने त्याच वर्षी फेब्रुवारीत दिलेल्या आकडेवारीनुसार देशात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी आणि फेसबुकचे ४१ कोटी वापरकर्ते होते.

सुरुवातीला सायबर हल्ल्याची चर्चा झाली. कंपनीने दिलेले स्पष्टीकरण मात्र वेगळे होते. फेसबुकची डेटा सेंटरे एकमेकांना जोडणारे हजारो मैल लांबीच्या फायबर केबलचे स्वतंत्र जाळे आहे. त्याला कंपनी ‘बॅकबोन’ म्हणते. नेहमीच्या देखभालीदरम्यान या जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड देण्यात आली. तिने जाळ्यातील सगळ्या जोडण्याच तोडल्या. अशा धोकादायक कमांड थांबवण्यासाठी तपासणी करणारी प्रणाली कंपनीकडे होती; पण तिच्यातच दोष असल्याने तिने ही कमांड अडवली नाही.

डीएनएस आणि बीजीपीचा संबंध कसा आला?

डीएनएस ही इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो आणि डीएनएस त्याचा आकड्यांतील पत्ता शोधून देते. बीजीपी म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. प्रत्येक मोठे नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला सतत सांगत असते, की अमुक पत्त्यांकडे जायचे असेल, तर माझ्याकडून रस्ता आहे.

फेसबुकचे डीएनएस सर्व्हर जगभरातील लहान केंद्रांमध्ये होते. मुख्य डेटा सेंटरशी संपर्क तुटला, तर आपल्यातच बिघाड आहे असे समजून स्वतःच्या पाट्या काढून घ्यायच्या, अशी त्यांची रचना होती. एखादे केंद्र नादुरुस्त झाले, तर लोकांना दुसऱ्या केंद्राकडे वळवण्यासाठी ही सोय योग्यच आहे. त्या रात्री मात्र बॅकबोनच कोसळल्याने सगळ्याच केंद्रांना एकाच वेळी आपण नादुरुस्त आहोत असे वाटले आणि सगळ्यांनीच पाट्या उतरवल्या. डीएनएस सर्व्हर चालू होते. पण त्यांच्याकडे जाण्याचा रस्ता जगातील कोणत्याही नेटवर्कला माहीत नव्हता. गाव जागेवर होते, फाट्यावरची पाटी तेवढी गेली होती.

चूक लक्षात येऊनही अभियंते आत का जाऊ शकले नाहीत?

कमांडने काय केले, हे समजल्यावर ती उलटवणे एवढेच काम होते. पण डेटा सेंटरमधील यंत्रांपर्यंत पोहोचण्याचा नेहमीचा मार्ग बॅकबोनमधूनच जात होता. अशा प्रसंगासाठी ठेवलेले वेगळे, राखीव नेटवर्कही त्या वेळी चालले नाही. त्यातच डीएनएस बंद पडल्याने बिघाड शोधण्यासाठी वापरली जाणारी कंपनीची अंतर्गत साधनेही निकामी झाली. कर्मचाऱ्यांची इमारतीत शिरण्याची ओळखपत्रेही चालत नसल्याच्या बातम्या त्या दिवशी आल्या.

अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. तिथेही वेळ गेला. ही ठिकाणे बाहेरच्या माणसाला सहज शिरता येऊ नये अशीच बांधलेली असतात आणि आत पोहोचल्यावरही राउटर किंवा सर्व्हरमध्ये कुणालाही चटकन बदल करता येऊ नयेत, अशी व्यवस्था असते. चोरासाठी लावलेली सगळी कुलपे त्या रात्री घरमालकालाच उघडावी लागली.

जोडण्या पूर्ववत झाल्यावरही सेवा एकदम सुरू करता आल्या नाहीत. डेटा सेंटरांचा वीजवापर कित्येक दशमेगावॉटनी घसरला होता. तो अचानक पूर्वपदावर आणला असता, तर वीजयंत्रणेपासून साठवलेल्या माहितीपर्यंत सगळ्यालाच धोका होता. त्यामुळे भार टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. कंपनी अशा मोठ्या बिघाडांच्या रंगीत तालमी घेत असे, त्याचा इथे उपयोग झाला. मात्र संपूर्ण बॅकबोन बंद पडण्याची तालीम तोपर्यंत कधी झालेली नव्हती.

कॅनडात काय झाले होते?

८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्स या कॅनडातील मोठ्या दूरसंचार कंपनीचे मोबाइल, इंटरनेट आणि लँडलाइन अशा तिन्ही सेवा बंद पडल्या. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला आणि बिघाड सुमारे २६ तास चालला. इंटरॅक ही डेबिट कार्डाची देशव्यापी व्यवस्था कोलमडली. टोरंटोतील गायक द वीकेंड याचा त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. सर्वांत गंभीर बाब म्हणजे रॉजर्सच्या अनेक ग्राहकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांक लागत नव्हता.

कंपनी मुख्य नेटवर्कचे सात टप्प्यांत अद्ययावतीकरण करत होती. सहाव्या टप्प्यात राउटरमधील एक गाळणी काढून टाकली गेली. त्यामुळे मार्गांची अवाढव्य माहिती मुख्य राउटरवर कोसळली आणि ते बंद पडले. नियामक संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या अहवालातील दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्याने या कामाची जोखीम ‘जास्त’वरून ‘कमी’ अशी खाली आणली गेली होती. दुसरी म्हणजे, नेटवर्क सांभाळण्याची व्यवस्था त्याच मुख्य नेटवर्कवर अवलंबून होती.

या दुसऱ्या गोष्टीचा परिणाम असा, की अभियंत्यांना यंत्रांमधील नोंदीच पाहता येईनात. मूळ कारण शोधायलाच सुमारे १४ तास लागले. कर्मचाऱ्यांचे मोबाइलही रॉजर्सचेच होते, त्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते. दूरच्या केंद्रांवर प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डे पाठवून त्यांच्यात संपर्क साधावा लागला.

एका कंपनीचे नेटवर्क नसले, तर मोबाइल आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लावू शकतो. मग ९११ का लागत नव्हता? कारण रॉजर्सचे टॉवर चालू होते. फोनला वाटत होते नेटवर्क आहे, म्हणून तो दुसरीकडे जात नव्हता. टॉवरमागची यंत्रणा मात्र मृत होती.

ऑस्ट्रेलियातील बिघाड वेगळा होता का?

कारण वेगळे, शेवट तोच. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे चारच्या सुमारास ऑप्टस या कंपनीचे नेटवर्क बंद पडले. सुमारे एक कोटी ग्राहक जवळपास १४ तास संपर्काबाहेर होते. मेलबर्नच्या लोकल गाड्याही सकाळी काही काळ थांबल्या.

कॅनडात राउटरवर येणाऱ्या माहितीला मर्यादा नव्हती म्हणून ते कोलमडले. ऑस्ट्रेलियात मर्यादा होती. एका आंतरराष्ट्रीय नेटवर्कमधील सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यानंतर मार्गांची बदललेली माहिती आली, तिने ही मर्यादा ओलांडली आणि सुमारे ९० राउटरनी सुरक्षेसाठी स्वतःलाच नेटवर्कपासून तोडून घेतले. मर्यादेचा आकडा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने मुळात ठेवलेलाच होता, तो आपल्या गरजेनुसार बदललेला नव्हता. तुटलेल्या राउटरपर्यंत दुरून पोहोचता येत नसल्याने अनेक ठिकाणी अभियंत्यांना प्रत्यक्ष जाऊन ते पुन्हा सुरू करावे लागले. एवढ्या व्यापक बिघाडासाठी आराखडा तयार नव्हता, हे कंपनीच्या नेटवर्क प्रमुखांनी सिनेटच्या समितीसमोर मान्य केले.

ऑप्टसच्या मुख्य कार्यकारी अधिकारी केली बेयर रोझमरिन यांनी दोन आठवड्यांत राजीनामा दिला. नियामकांच्या चौकशीत २,१४५ जणांना ट्रिपल झिरो हा आपत्कालीन क्रमांक लागला नसल्याचे निष्पन्न झाले. त्यातील ३६९ जण सुखरूप आहेत का, याची नंतर विचारपूसही झाली नव्हती. कंपनीला १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

चूक माणसाची की रचनेची?

अशा घटनांनंतर ‘मानवी चूक’ हा शब्द लगेच पुढे येतो. मात्र तिन्ही प्रकरणांत चूक होणे आणि ती तासन्‌तास टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सेटिंग चुकणार, हे कोणत्याही मोठ्या नेटवर्कमध्ये गृहीतच धरावे लागते. खरा प्रश्न दुरुस्तीच्या रस्त्याचा आहे. तो रस्ताच दुरुस्त करायच्या वस्तूतून जात असेल, तर मिनिटांची चूक तासांची होते.

हे परस्परावलंबन सहसा कुणी मुद्दाम ठेवत नाही. ते हळूहळू साचत जाते. ओळखपत्र तपासणारा सर्व्हर, कर्मचाऱ्यांचा चॅट, पासवर्डची तिजोरी, बिघाडाच्या सूचनांची कागदपत्रे हे सगळे सोयीसाठी एकाच नेटवर्कवर येते. सगळे सुरळीत असताना त्यात काहीच खटकत नाही.

सुरक्षेची बाजूही आहे. मागचे दार जितके सोपे, तितका घुसखोरीचा धोका अधिक. रोजची सुरक्षा वाढणार असेल, तर क्वचित येणाऱ्या अशा प्रसंगी दुरुस्तीला थोडा उशीर झालेला चालेल, अशी भूमिका फेसबुकने आपल्या स्पष्टीकरणात घेतली होती. समाजमाध्यमांपुरता हा हिशेब कदाचित पटेल. रुग्णवाहिकेला फोन लावणाऱ्याच्या बाबतीत तो तसाच मांडता येत नाही, कारण त्या ‘थोड्या उशिरा’ची किंमत कंपनी नव्हे, तो माणूस मोजतो.

ही अडचण आता संपली आहे का?

नाही. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअरच्या सेवेत बिघाड झाला आणि एक्स, चॅटजीपीटी यांसह अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. इथे कारण नेटवर्क सेटिंगचे नव्हते. एका डेटाबेसमधील परवानग्या बदलल्याने एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली होती. पण अडकण्याचा प्रकार ओळखीचा होता. काही ग्राहकांना आपले संकेतस्थळ तात्पुरते क्लाउडफ्लेअरमधून बाहेर काढायचे होते. त्यासाठी कंपनीच्या नियंत्रण कक्षात लॉगइन करणे भाग होते आणि लॉगइनच्या पानावर ‘तुम्ही माणूसच आहात ना’ हे तपासणारी क्लाउडफ्लेअरचीच सेवा बंद पडलेली होती. या वेळी कंपनीचे अभियंते नव्हे, तर ग्राहक दाराबाहेर राहिले.

उपाय काय आहेत?

सर्वांत साधा उपाय अनेकांनी नकळत वापरलेला असतो. विंडोजमध्ये पडद्याचे रिझोल्यूशन बदलले, की ‘हा बदल ठेवायचा का?’ असे विचारले जाते. १५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. पडदा काळा झाल्यामुळे वापरकर्त्याला बटणच दिसत नसेल, तरी तो अडकत नाही. नेटवर्कसाठीही हीच सोय आहे. जुनिपर कंपनीच्या राउटरमध्ये बदल ‘कन्फर्म’ करण्याच्या अटीवर लागू करता येतो. मुळात १० मिनिटांची मुदत असते आणि त्यात पुष्टी दिली नाही, तर राउटर स्वतःच मागे फिरतो. उबुंटूमधील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही कमांड १२० सेकंद थांबते. जुन्या सेटिंगवर परतण्याचा निर्णय यंत्र स्वतः घेत असल्याने त्यासाठी बाहेरून संपर्क असण्याची गरज उरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे वेगळा रस्ता. व्यवस्थापनासाठी दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी किंवा सिमकार्ड असलेले यंत्र ठेवायचे आणि ते मुख्य नेटवर्क, त्याचे डीएनएस आणि त्याच्या लॉगइन यंत्रणेवर अजिबात अवलंबून नाही, याची खातरजमा करायची. शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली ठेवण्यासारखेच हे आहे. मात्र त्या किल्लीने दार उघडते का, हे अधूनमधून पाहावे लागते. राखीव नेटवर्क फेसबुककडेही होते, ते ऐन वेळी चालले नाही.

तिसरा उपाय टप्प्याटप्प्याने बदल करण्याचा. एका राउटरवर, मग एका शहरात, मग सगळीकडे. चौथा, बदल करताना त्या ठिकाणी एक व्यक्ती प्रत्यक्ष हजर ठेवण्याचा. लहान कार्यालये आणि संस्थांनाही हे जमण्यासारखे आहे. सेटिंग बदलण्यापूर्वी जुनी सेटिंग कागदावर उतरवणे, काम गर्दीच्या वेळी न करणे आणि सर्व्हरजवळ कीबोर्ड-पडदा ठेवणे यासाठी फारसा खर्च येत नाही.

भारतातील ग्राहकांसाठी याचा अर्थ काय?

दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायने ऑगस्ट २०२४मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम जाहीर केले. एखाद्या जिल्ह्यात चार तासांहून अधिक काळ मोठा बिघाड राहिला, तर कंपनीने २४ तासांत ट्रायला कळवणे बंधनकारक आहे. तो २४ तासांपेक्षा लांबला, तर पोस्टपेड ग्राहकांना त्या प्रमाणात भाड्यात सवलत आणि प्रीपेड ग्राहकांना मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. नैसर्गिक आपत्तीतील बिघाड त्यातून वगळले आहेत. एका कंपनीचे टॉवर बंद पडले, तर दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क वापरू देण्याची सोयही भारतात आहे आणि चक्रीवादळांच्या काळात ती वापरली गेली आहे.

मात्र रॉजर्सच्या अनुभवानुसार टॉवर पडणे आणि टॉवर उभा असताना मागची यंत्रणा मरणे, हे दोन वेगळे प्रसंग आहेत. वादळासाठीची तयारी दुसऱ्या प्रसंगी आपोआप उपयोगी पडेलच असे नाही. कॅनडात या बिघाडानंतर सरकारने दूरसंचार कंपन्यांना ६० दिवसांत परस्पर मदतीचा करार करायला लावले आणि रॉजर्सने मोबाइल व इंटरनेटची मुख्य यंत्रणा वेगवेगळी करण्याचे जाहीर केले.

भाड्यातील सवलत ही बिघाड होऊन गेल्यानंतरची गोष्ट आहे. मोबाइलवरच पैसे देणाऱ्या आणि ११२ क्रमांकावर भरवसा ठेवणाऱ्या देशात बिघाडापूर्वीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. कंपनीचे नेटवर्क पूर्ण बंद पडले, तर तिचे अभियंते कोणत्या रस्त्याने आत शिरणार? त्या रस्त्याची तालीम शेवटची कधी झाली? आणि त्या वेळी ते एकमेकांना फोन कोणत्या कंपनीच्या सिमवरून करणार? फेसबुक, रॉजर्स आणि ऑप्टस यांना या प्रश्नांची उत्तरे नेटवर्क बंद पडल्यावर शोधावी लागली. ती आधीच विचारून घेण्याची संधी भारतातील नियामकांना आणि कंपन्यांना आहे.